खलिता आणि पडताळा

दोन अनोळखी माणसांना एकमेकांशी व्यवहार करावयाचा असला म्हणजे मध्ये एखादा कागद लागतो. आणि त्या कागदावर विश्वास टाकावयाचा असला म्हणजे तो समोरच्या वस्तूशी ताडून पाहणारा कोणीतरी लागतो. ही साधी गोष्ट आमच्या अर्नाळा-वसईच्या किनाऱ्याला जवळजवळ पाचशे वर्षांपासून ठाऊक आहे.

१५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तह करून वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. त्या तहातले एक कलम मोठे बोलके होते. तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गुजरातच्या गलबतांनी आधी वसईस यावे, पोर्तुगीजांचा परवाना घ्यावा आणि परत येतानाही वसईसच येऊन जकात भरावी, असा त्याचा मतलब. या परवान्याला पोर्तुगीज ‘कार्ताझ’ म्हणत. गलबत कोणाचे, त्यावर नाखुदा कोण, ते किती भाराचे, त्यावर हत्यारे किती, ते कोठून कोठे जाणार, असा सारा तपशील त्यात असे. भर समुद्रात गस्तीचे जहाज आडवे येई व कागद मागे. कागद आणि गलबत यांचा मेळ बसला तर वाट मोकळी. न बसला तर गलबत मालासकट जप्त! पुढे आंग्र्यांची दस्तके निघाली, तीही थोड्याफार फरकाने याच धर्तीची. १७३७ साली मराठ्यांनी अर्नाळ्याचे बेट घेतले, १७३९ साली वसई घेतली आणि वैतरणेच्या मुखावरचा पोर्तुगीजांचा दरारा संपला.

कार्ताझची व्यवस्था जुलमी होती, यात शंका नाही. समुद्र कोणी एकाने आपल्या नावावर करून घ्यावा ही कल्पनाच उद्दामपणाची. परंतु जुलमाच्या पोटातही एखादे शहाणपण दडलेले असते. वर्णन लिहिणे हे अर्धे काम, आणि वर्णनाचा वस्तूशी पडताळा घेणे हे उरलेले अर्धे, हे त्या गस्तवाल्यांना पक्के ठाऊक होते.

आज मला ज्या कागदांची हकिकत सांगावयाची आहे, ते यंत्रांनी वाचण्याचे कागद आहेत. एका संगणकाने दुसऱ्या संगणकाशी कोणत्या शब्दांत बोलावे, काय मागावे आणि उत्तरात काय मिळेल, याचे ते वर्णनपत्र. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, कादंबऱ्या लिहिणारा एक शाळामास्तर. या विषयात तुमचा अधिकार तो काय, असे कोणी विचारील तर ते रास्तच आहे. परंतु मसुदा, मायना, समास आणि विरामचिन्हे ही माझी रोजची भाकरी. आणि थोडे आत शिरून पाहिले तर हा सारा विषय त्यांचाच आहे.

अर्नाळ्याच्या बाजारात बोंबलांच्या पाटीशेजारी हल्ली काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोनी पुठ्ठा ठेवलेला असतो. गिऱ्हाईक त्यावर फोन धरते, आकडा टाकते आणि तीनशे रुपये मावशींच्या खात्यात जमा होतात. त्या ठिपक्यांत जादू काही नाही. त्यात एक साधे वाक्य गुंफलेले आहे. ‘पीए’ म्हणजे पैसे घेणाराचा पत्ता, ‘पीएन’ म्हणजे त्याचे नाव, ‘एएम’ म्हणजे रक्कम आणि ‘सीयू’ म्हणजे चलन, असे ठरीव रकाने आहेत. पुठ्ठ्यावर रक्कम बहुधा कोरी असते. ती गिऱ्हाइकाने भरावयाची.

पुढचा प्रवास मात्र मोठा लांबचा. गिऱ्हाइकाच्या फोनातला खलिता आधी मुंबईच्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या यंत्राकडे जातो. ही संस्था २००८ साली स्थापन झाली, आणि ११ एप्रिल २०१६ रोजी तिने यूपीआय ही पद्धती मुंबईतच रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते जाहीर केली. ते यंत्र घेणाराच्या बाजूला विचारते की हा पत्ता कोणत्या खात्याचा. मग देणाराच्या बँकेला सांगते, ‘वजा करा’; नंतर घेणाराच्या बँकेला सांगते, ‘जमा करा’; आणि शेवटी दोन्हीकडे निरोप पोचवते. प्रत्येक खलित्याला ठरलेले नाव आहे, ठरलेले रकाने आहेत, खाली यंत्राची सही आहे. यांतील दोन बँकांची एकमेकींशी काडीचीही ओळख नसली तरी चालते. मावशींना यातले काही दिसत नाही, आणि दिसण्याचे कारणही नाही. त्यांचे तीनशे रुपये मात्र या खलित्यांच्या शुद्धलेखनावर अवलंबून आहेत.

यंत्राने यंत्राशी बोलण्याची जी जागा, तिला ‘एपीआय’ म्हणतात. तिला आपण खिडकी म्हणू. कचेरीच्या खिडकीत आतला कारकून दिसत नाही, आतली कपाटे दिसत नाहीत. अर्ज कोणत्या नमुन्यात द्यावयाचा आणि काय हाती पडावयाचे, एवढे कळले की आपले काम भागते.

नमुन्यांची ही विद्या आपल्याला नवी नाही. यादवांचा प्रधान हेमाडपंत याच्या नावाने पत्रलेखनाचे नियम ‘मेस्तक’ म्हणून परंपरेने चालत आले. कोणास कोणता मायना लिहावा याचे त्यात विवेचन. आणि ‘सातबारा’ हा शब्द तर मुलाबाळांनाही ठाऊक आहे. पण सात आणि बारा हे आकडे कशाचे, असे वर्गात विचारले की पोरे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. ते गावच्या दप्तरातील नमुन्यांचे क्रमांक आहेत. गाव नमुना सात म्हणजे जमिनीवरील हक्कांची नोंद, गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही. फेरफार नोंदवावयाचा तो गाव नमुना सहामध्ये. गावोगावचे दप्तर ज्याला त्याला वाचता येते ते एवढ्याचसाठी, की रकाने सगळीकडे एकच.

फरक इतकाच, की कारकुनाला इशारा कळतो. अर्जात ‘रकम’ असे ऱ्हस्व-दीर्घाचे किंवा जोडाक्षराचे पाप झाले तरी तो मनातल्या मनात ‘रक्कम’ वाचतो. यंत्राला मन नाही. ते एका अक्षरावरून अर्ज परत करते. किंवा त्याहून वाईट म्हणजे, निमूटपणे चुकीचा अर्थ लावून मोकळे होते. म्हणून यंत्राच्या खिडकीवरची पाटी अशी लिहावी लागली की ती माणसालाही वाचता यावी आणि यंत्रालाही.

अशा पाट्यांचा इतिहास पस्तीसएक वर्षांचा आहे आणि तो चढउतारांनी भरलेला आहे. १९९१ साली ‘कोर्बा’ नावाची पद्धती आली. तिच्यात खिडकीचे वर्णन लिहिण्याची स्वतंत्र भाषाच होती. मग महाजालाचा काळ आला. २००० साली मायक्रोसॉफ्ट, आयबीएम आणि अरिबा या कंपन्यांनी मिळून ‘डब्ल्यूएसडीएल’ नावाची वर्णनभाषा पुढे मांडली. मार्च २००१ मध्ये ती महाजालाचे नियम ठरविणाऱ्या मंडळाकडे टिपण म्हणून नोंदली गेली. त्याच जोमात याच कंपन्यांनी जगातल्या साऱ्या खिडक्यांची एक सार्वजनिक यादी उघडली, ‘यूडीडीआय’ तिचे नाव. कल्पना अशी की यंत्राने यादी चाळावी, हवी ती खिडकी शोधावी आणि माणसाला न विचारता व्यवहार उरकावा.

स्वप्न सुरेख होते, पण यादीला बरकत आली नाही. नोंद करणारे नोंद करून गेले. ती नोंद आजही खरी आहे का, हे रोज उठून कोण पाहणार? २००६ च्या आरंभी त्या सार्वजनिक याद्या बंद करण्यात आल्या. वर्णनपत्रे तरी किती बोजड! एका लहानशा प्रश्नासाठी पानेच्या पाने मजकूर. कंटाळलेल्या कारागिरांनी मग दुसरे टोक गाठले. रॉय फील्डिंग यांनी २००० साली आपल्या प्रबंधात महाजालाच्याच साध्या रीतीने यंत्रांनी कसे बोलावे हे मांडले होते. त्या मार्गाने जाताना पुष्कळांनी वर्णनपत्र मुळातच टाकून दिले. खिडकीची माहिती साध्या गद्यात लिहून ठेवावी, ज्याला हवी त्याने वाचावी! पण गद्याचा स्वभाव लेखकांना चांगला ठाऊक असतो. ते लिहिताना खरे असते. पुढे खिडकी बदलते आणि गद्य तसेच राहते.

यातून वाट काढली ती एका शब्दकोशवाल्या कंपनीने, ही माझ्यासारख्या भाषेच्या मास्तराला मोठी सुखाची गोष्ट वाटते. कॅलिफोर्नियातील ‘वर्डनिक’ ही कंपनी इंग्रजी शब्दांचा कोश महाजालावर चालवीत असे. तेथल्या टोनी टॅम यांनी आपल्या कोशाच्या खिडक्यांसाठी एक सुटसुटीत वर्णनरीत तयार केली, आणि २०११ साली ती सर्वांना खुली झाली. तिचे नाव ‘स्वॅगर’. नावात गंमत अशी, की आधीच्या एका वर्णनभाषेचे नाव ‘वॉडल’ होते, म्हणजे इंग्रजीत बदकाची डुलती चाल. स्वॅगर म्हणजे छाती काढून चालणे! २०१५ च्या नोव्हेंबरात ही रीत एका कंपनीच्या मालकीतून निघून लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेली. गूगल, आयबीएम, मायक्रोसॉफ्ट अशा एरवी एकमेकांवर कुरघोडी करणाऱ्या कंपन्या त्या मंडळात एकत्र बसल्या. तिचे नवे नाव ‘ओपनएपीआय’. २०१७ च्या जुलैत तिची तिसरी मोठी आवृत्ती आली, २०२१ च्या फेब्रुवारीत ३.१ ही आवृत्ती.

अशा वर्णनपत्रात असते तरी काय? खिडकीचा पत्ता, तेथे नुसते विचारावयाचे की काही द्यावयाचे, अर्जातले रकाने कोणते, त्यांतला सक्तीचा कोणता, एखाद्या रकान्यात मजकूर चालेल की संख्याच हवी, संख्या कितीपासून कितीपर्यंत, आणि उत्तर कोणकोणत्या प्रकारचे येईल. २०० म्हणजे काम झाले, ४०० म्हणजे अर्जातच दोष, ४०४ म्हणजे मागितलेली वस्तू येथे नाही, ५०० म्हणजे दोष आमच्या बाजूचा. हे सारे बहुधा ‘यॅमल’ नावाच्या लिपीरीतीत लिहितात. तिच्यात ओळीच्या आरंभी सोडलेल्या समासाला अर्थ असतो. कोणती गोष्ट कोणाच्या पोटात, हे समासावरून ठरते. एखादी मोकळी जागा कमी पडली की मुलगा बापाच्या घरातून उठून चुलत्याच्या घरात जाऊन बसतो! मुलांच्या वह्यांत समासासाठी आयुष्य घालवलेल्या शिक्षकांना हे वाचून समाधान वाटेल.

या लिपीरीतीची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. देशांच्या यादीत नॉर्वेची खूण ‘एन’ आणि ‘ओ’ ही दोन इंग्रजी अक्षरे. त्यांचा जोडून उच्चार ‘नो’. यॅमलच्या जुन्या नियमांत ‘नो’ हा शब्द दिसला की यंत्र त्याचा अर्थ ‘नाही’ असा घेई. झाले! यादीतून एक सबंध देश नाहीसा होऊन त्याच्या जागी नुसता नकार उरे. २००९ च्या आवृत्तीत हा नियम सुधारला. परंतु जुन्या नियमाने वाचणारी यंत्रे एका रात्रीत नाहीशी होत नाहीत. उपाय म्हणाल तर अगदी बाळबोध: त्या दोन अक्षरांना अवतरणचिन्हे घाला. अवतरणचिन्ह राहिले म्हणून गुण कापणाऱ्या मास्तरावर मुले रुसतात. येथे तर देश गेला.

वर्णनपत्र लिहून झाले की पडताळा सुरू होतो. तो तीन पायऱ्यांचा आहे. पहिली पायरी व्याकरणाची: वर्णनपत्र स्वतः नियमांत बसते का? हे यंत्र क्षणात सांगते. दुसरी पायरी खलित्याची: आलेला अर्ज आणि गेलेले उत्तर वर्णनपत्राबरहुकूम आहे का? तिसरी पायरी खुद्द खिडकीची: ती पाटीवर लिहिल्याप्रमाणे खरोखर वागते का? या तिसऱ्या पायरीसाठी अशी साधने निघाली आहेत की ती वर्णनपत्र वाचून स्वतःच शेकडो वेडेवाकडे अर्ज तयार करतात. रिकामे नाव, उणे रक्कम, अवाढव्य आकडा असे एकामागून एक खिडकीत सारतात आणि खिडकी काय म्हणते ते टिपून ठेवतात. खोडकर पोरांच्या वर्गाला नव्या शिक्षकाची परीक्षा घ्यावयास सोडावे, तसा तो प्रकार.

आता आमच्या मराठी घरांशी थेट संबंध असलेली एक बाब. वर्णनपत्रात पुष्कळदा लिहिलेले असते की या रकान्यात जास्तीत जास्त इतकी अक्षरे. ‘अर्नाळा’ या शब्दात अक्षरे किती? पहिलीतले पोर सांगेल: अ, र्ना, ळा, म्हणजे तीन. यंत्राच्या हिशेबी ती सात. अ, र, हलंताची खूण, न, काना, ळ, पुन्हा काना. अशी सात चिन्हे ते मोजते, कारण नियमच तसा आहे. तेव्हा मर्यादा ठरवणाराने इंग्रजी नावे डोळ्यांपुढे ठेवून पंधराचा आकडा टाकला, तर मराठी नाव अर्ध्यावर अडते. आणि ‘येथे फक्त ए ते झेड’ असे लिहिले असेल, तर मराठीत नाव लिहिणारा माणूस दारातच अडतो. गंमत अशी, की या ठिकाणी पडताळा अगदी बरोबर चाललेला असतो. यंत्र नियमाप्रमाणे वागते, खिडकी पाटीप्रमाणे वागते. चुकलेली असते ती पाटी, कारण ती लिहिणाराने येणाऱ्या माणसांचा विचार केलेला नसतो.

व्याकरण शुद्ध आणि अर्थ चुकलेला, याचा जगातला सर्वांत खर्चिक दाखला मंगळावर आहे. नासाने डिसेंबर १९९८ मध्ये ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान सोडले. यानाच्या लहान धक्क्यांची नोंद असलेली टाचणे पृथ्वीवरच्या एका गटाचा संगणक तयार करी आणि दुसरा गट त्यावरून यानाचा मार्ग काढी. ही टाचणे कशी लिहावी याचे रीतसर वर्णनपत्र होते आणि त्यात माप मेट्रिकच, म्हणजे न्यूटन-सेकंद, असे स्पष्ट म्हटले होते. टाचणे लिहिणारा संगणक मात्र पौंडाच्या मापात आकडे देत राहिला. दोन मापांत सुमारे साडेचारपटींचा फरक! आता यातली खरी मर्माची गोष्ट पाहा. उड्डाणानंतरचे पहिले चार महिने ही टाचणे वापरताच आली नाहीत, कारण त्यांच्या मांडणीत चुका होत्या. त्या दिसल्या, कारण यंत्र अडखळले. मांडणी दुरुस्त झाली, टाचणे सुरळीत वाचली जाऊ लागली. आकड्यांच्या पोटातले माप चुकीचे आहे हे मात्र वेळेवर पकडले गेले नाही. २३ सप्टेंबर १९९९ रोजी यान मंगळाच्या पृष्ठभागापासून सुमारे सत्तावन्न किलोमीटरांवर, म्हणजे नको तितक्या जवळ गेले आणि कायमचे मुके झाले. यंत्राने मायना तपासला, मजकूर कोणीच तपासला नाही.

तात्पर्य, आकार तपासणे हे यंत्राचे काम आणि अर्थ तपासणे हे माणसाचे. यंत्र सांगेल की रक्कम ही संख्या आहे. ती रुपयांत की पैशांत, हे लिहिणाराने लिहिले पाहिजे आणि वाचणाराने विचारले पाहिजे.

आपल्या देशात ही जाण आता सरकारदरबारीही आली आहे. सरकारी खिडक्या खुल्या व प्रमाणबद्ध असाव्यात, असे धोरण केंद्र सरकारने २०१५ साली जाहीर केले. रिझर्व्ह बँकेने २०१६ साली ‘अकाउंट ॲग्रिगेटर’ नावाच्या नव्या जातीच्या संस्थांचे नियम काढले. समजा, एखाद्या नाखव्याला होडीच्या इंजिनासाठी कर्ज हवे आहे. आपल्या खात्याचे उतारे काढून, सही-शिक्क्यांच्या चळती घेऊन हिंडण्याऐवजी त्याने संमती द्यावी, आणि उतारे एका बँकेतून दुसरीकडे थेट, कुलूपबंद जावेत. मधल्या संस्थेला ते वाचताही येऊ नयेत. ही संमतीसुद्धा एक खलिताच आहे. कोण मागतो, कशासाठी, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचे, आणि संमती कधी संपणार, असे तिचे रकाने. या सर्व खिडक्यांची वर्णनपत्रे रिझर्व्ह बँकेच्याच ‘रेबिट’ या संस्थेने तयार करून उघडपणे प्रसिद्ध केली. नोव्हेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने ती संबंधितांना लागू केली आणि २ सप्टेंबर २०२१ रोजी प्रत्यक्ष व्यवहारास आरंभ झाला.

यातला ‘उघडपणे’ हा शब्द मला सर्वांत मोलाचा वाटतो. कार्ताझचा नमुना ज्याच्या तोफा त्याचा होता. गलबतवाल्याने तो निमूटपणे घ्यावयाचा. आजचे वर्णनपत्र कोणीही वाचू शकतो. वसई-विरारच्या एखाद्या महाविद्यालयातली मुलगी ते उतरवून घेईल, घरच्या संगणकावर त्याचा पडताळा घेईल आणि अमक्या रकान्यात मराठी नाव बसत नाही, असे संबंधितांना साधार कळवू शकेल. तपासणीचा अधिकार गस्तीच्या जहाजावरून उतरून किनाऱ्यावर आला, हा या पाचशे वर्षांतला खरा पल्ला. मात्र अधिकार आला म्हणून कोणी तो वापरतोच असे नाही. याद्या कशा बंद पडल्या आणि यान कसे मुके झाले, ते आपण पाहिलेच.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नव्या वहीवर हळदकुंकू वाहतात, पहिल्या पानावर ‘श्री’ काढतात. पण जुन्या पेढ्यांवरचे मुनीम त्याआधी रात्र रात्र जागून जुन्या वहीचा मेळ घालीत. एका आण्याची चूक राहिली तरी उठत नसत. गल्ल्यातली शिल्लक आणि वहीतला आकडा एक झाला, मगच नव्या वहीला हात. यंत्रांच्या वह्याही आता घरोघरच्या पैशांच्या, जमिनींच्या आणि नावांच्या झाल्या आहेत. त्यांच्या पहिल्या पानावर कोणी ‘श्री’ काढो वा न काढो. मेळ मात्र रोज घातला पाहिजे.